निर्वासित म्हणजे देशावरचा बोजाच का?

दर्यावर्दी:
युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. त्यातले सुमारे २८ हजार ब्रिटनला गेले. तिथल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे येऊ नका. तरी माणसे आली. आधी कारखान्यांत राबली, मग स्वतःची दुकाने थाटली आणि पुढे कित्येकांना कामावर ठेवले. बहुतेक जण रिकाम्या हातांनी आले होते, हे विसरू नका. निर्वासितांवरचा खर्च पहिल्या दिवशी दिसतो. कमाई दिसायला दहा-पंधरा वर्षे जातात, तोवर त्यांच्यावर बोजाचा शिक्का बसलेला असतो.

आडवाट:
सहमत नाही. हात रिकामे होते, पण अनेकांच्या अंगात धंदा मुरलेला होता, इंग्रजी येत होते, बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. हे उदाहरण सगळ्यांना कसे लावणार? अमेरिकेतले मायामी शहर बघा. १९८० मध्ये क्यूबातल्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख माणसे आली, शहरातले मनुष्यबळ ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांचे वेतन तपासले, तर ते चांगलेच घसरलेले निघाले. देशाचे उत्पन्न वाढले असेलही, त्या मजुराच्या पदरात काय पडले?

शंकासूर:
बोर्हास यांचे नाव घेता, मग अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांचेही घ्या. याच मायामीवरच्या त्यांच्या १९९०च्या अभ्यासात कमी कौशल्याच्या कामगारांच्या वेतनावर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नव्हता. बोर्हास यांनी निवडलेला गट फार लहान होता, त्यावर आक्षेपही आले. शिवाय आलेला माणूस नुसते काम मागत नाही. तो घरभाडे देतो, खरेदी करतो, त्यातूनही कामे निघतात.

आडवाट:
गट लहान म्हणून त्यातली माणसे खोटी ठरत नाहीत. तुर्कस्तानात सीरियन निर्वासित आल्यावर नोंद नसलेल्या कामांतून स्थानिक माणसे बाहेर पडली, त्यात बायका आणि कमी शिकलेले जास्त. जागतिक बँकेच्याच अभ्यासकांनी हे दाखवले आहे.

दर्यावर्दी:
हे मान्य. त्याच अभ्यासात तुर्की लोकांच्या नोंदणीकृत नोकऱ्या वाढल्याचेही आहे, म्हणजे फायदा एकाला आणि फटका दुसऱ्याला. पण सीरियन माणसे बिननोंदीच्या कामांत का शिरली? ती २०११ पासून येत होती, त्यांना कामाचे परवाने खुले झाले जानेवारी २०१६ मध्ये. मधली पाच वर्षे मिळेल त्या मजुरीवर राबण्यावाचून गत्यंतर नव्हते. मजुरी पाडली ती या अडवणुकीने! ज्या युगांडाने आशियाई लोकांना हाकलले, त्याच देशाच्या २००६च्या कायद्याने निर्वासितांना काम करायची आणि हिंडण्याफिरण्याची मुभा दिली. वस्तीत कसायला जमिनीचा तुकडाही मिळतो.

आडवाट:
आणि माणसे वाढली तसा तो तुकडा लहान होत गेला. परवाने पहिल्या दिवसापासून द्या, माझी हरकत नाही. पण ज्याची मजुरी पडते त्याची भरपाई कुठल्या पैशातून करायची, हे तुम्ही दोघांनीही अजून सांगितलेले नाही.