विषय : जानेवारीत अमळनेर ते उनपदेव – सायकल इथून न्यावी की तिथलीच वापरावी?

प्रेषक : मंडळाच्या सभासद, मूळ अमळनेर, सध्या नेदरलँड्स

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या जानेवारीत तीन आठवड्यांसाठी मी माहेरी, अमळनेरला जात आहे. माझा चौदा वर्षांचा मुलगा सोबत आहे. तो येथे रोज सायकलनेच शाळेत जातो, त्यामुळे आजोळही सायकलवरून पाहायचे असा त्याचा आग्रह आहे. अमळनेरहून तापी ओलांडून चोपडा, तेथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी अडावदवरून सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, असा बेत आम्ही आखला आहे. लहानपणी मी हा रस्ता एसटीच्या खिडकीतून पाहिला आहे, सायकलवरून कधीच नाही.

माझी सायकल अरुंद टायरची, म्हणजे ७०० बाय २५ मापाची आहे. ती खोक्यात भरून विमानाने न्यावी का? माझ्या यजमानांची विजेवर चालणारी सायकल मुलाला सोयीची पडेल असेही वाटते. शिवाय माहेरच्या पडवीत वडिलांची काळी, रॉड ब्रेकची सायकल अजून उभी आहे, मात्र ती कित्येक वर्षांत कोणी चालवलेली नाही.

चोरीचीही काळजी आहे. गेल्या वर्षी येथील एका स्थानकाबाहेर मी सायकल साखळीने बांधून ठेवली होती. संध्याकाळी परतले तेव्हा पुढचे चाक साखळीसह खांबालाच होते आणि बाकीची सायकल गेलेली होती. तेव्हापासून परक्या ठिकाणी सायकल सोडून जायला मन धजत नाही. खानदेशात सायकल चालवणाऱ्या कोणी अनुभवाने सांगितले तर फार उपकार होतील.

प्रेषक : मंडळाचे माजी सभासद, सध्या जळगाव

ताई, सप्रेम नमस्कार.

सोळा वर्षे नेदरलँड्समध्ये काढून मी जळगावला परतलो त्याला आता बराच काळ झाला, आणि आपण ज्या रस्त्याने जाणार आहात त्या रस्त्यावर मी दर हिवाळ्यात सायकल चालवतो. म्हणून स्पष्टच लिहितो : आपली अरुंद टायरची सायकल आणू नका. वडिलांची काळी सायकल दुरुस्त करून घ्या आणि तीच चालवा.

विजेच्या सायकलीचा प्रश्न आधीच निकाली निघतो. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

आता काट्यांविषयी, कारण आपल्याकडे सायकलीचा खरा वैरी तोच आहे. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते, बांधावरच्या कुंपणासाठी शेतकरी तिच्या फांद्या तोडून ओढत नेतात आणि ओढलेल्या वाटेवर काटे पडून राहतात. जमिनीलगत पसरणारे सराटे तर कसेही पडले तरी त्यांचे एखादे टोक वरच राहते. शेतवाटेने गेलात तर जानेवारीत कापलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडांचे, खुंट असतात. परतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात यावलजवळ माझे एका दिवसात चार पंक्चर झाले. तीन मी स्वतः काढले आणि चौथ्या वेळी हताश होऊन रस्त्याकडेच्या एका दुकानात गेलो. तेथील वयस्क कारागिराने ट्यूबकडे पाहिलेसुद्धा नाही. टायर आतून उलटा करून त्याने सावकाश बोट फिरवले, एका जागी थांबला आणि म्हणाला, “काटा आजून टायरमाच शे, भाऊ.” बाहेरून मोडलेले ते बारीक टोक चिमट्याने काढल्यावर दिसले, तांदळाच्या कणीएवढे. तीन वेळा मी नवी जखम शोधत होतो आणि जखम करणारे टोक तसेच आत ठेवत होतो. तेव्हापासून ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायर आतून चाचपल्याशिवाय मी चाक बसवत नाही. आपल्या मुलालाही हे पहिल्याच दिवशी शिकवा, पण बोट हळू फिरवायला सांगा.

त्याच कारागिराने जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तर म्हणून घातली. बाजारात यासाठी तयार पट्ट्या मिळतात आणि टायरमध्ये भरायचा चीकही मिळतो, परंतु चीक आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो आणि पुन्हा भरावा लागतो. अस्तराने चाक थोडे जड होते, एवढाच त्याचा तोटा. ठिगळ लावताना मात्र घाई करू नका. घासून सोल्यूशन लावल्यावर त्याची ओली चकाकी जाऊन ते निस्तेज दिसेपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबावे.

काळ्या सायकलीचा आग्रह मी जिव्हाळ्यापोटी धरत नाही, जरी तोही आहे. त्यामागे मापाचा हिशेब आहे. त्या सायकलीचे टायर २८ बाय दीडचे असते, म्हणजे रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. आपल्या ७०० मापाच्या चाकाचा तोच व्यास ६२२ आहे. दोन्ही चाके शेजारी ठेवली तर डोळ्यांना सारखी दिसतात, पण एकाचे टायर दुसऱ्यावर बसत नाही. २८ बाय दीडचे टायर-ट्यूब, पेडलची दांडी पक्की धरणारी कॉटर पिन, रॉड ब्रेकचे रबर हे सारे तालुक्याच्या गावी आणि पुष्कळ खेड्यांतही मिळते. आपल्या सायकलीचे टायर फाटले तर जळगाव किंवा धुळे गाठावे लागेल. हवेचेही तसेच आहे. आपल्या ट्यूबचा बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह गावातल्या पंपाला सहसा बसत नाही. काळ्या सायकलीची वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची रबरी नळी, मात्र कोणताही दुकानदार दोन मिनिटांत बदलून देतो. मुलासाठी २६ इंची, जाड टायरची सायकल अमळनेरलाच घ्या किंवा नातेवाइकांकडून मागून घ्या. टायरवर ५५९ हा आकडा आहे का तेवढे पाहा, कारण २६ इंच या एकाच नावाखाली निरनिराळी मापे विकली जातात. तिला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येईल.

रॉड ब्रेक हळू धरतो, म्हणून उतारावर वेग आधीपासून ताब्यात ठेवावा लागतो. आपल्या मार्गावर मोठा घाट नसल्याने मी निश्चिंत आहे. तोरणमाळचा बेत असता तर ही सायकल मी सुचवली नसती.

चोरीबद्दल माझा अनुभव असा की पूर्ण सायकल जाण्यापेक्षा तिचे सुटे भाग जातात. एका बसस्थानकाबाहेर माझे पुढचे चाक आणि सीट गेले, कारण दोन्ही दांडी फिरवताच निघणारी होती. आता तेथे षट्कोनी किल्लीचे बोल्ट बसवले आहेत. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला गोल कुलूप असेलच. ते नेदरलँड्समध्येही बहुतेक सायकलींना असते, पण ते फक्त चाक अडवते, उचलून नेणाऱ्याला अडवत नाही. त्यामुळे सोबत एक डी-लॉक, म्हणजे इंग्रजी डी आकाराचे जाड धातूचे कुलूप, ठेवा आणि ते सांगाडा व मागचे चाक या दोहोंतून घेऊन न हलणाऱ्या खांबाला लावा. तारेचे कुलूप कातरीने तुटते. सांगाड्यावरचा क्रमांक सीटखालच्या जोडाजवळ कोरलेला असतो. तो टिपून त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पोलिसांत तक्रार नोंदवताना तोच कामी येतो. आणि खेड्यात थांबाल तेथे चहाच्या टपरीवाल्याला किंवा ओट्यावर बसलेल्या आजींना “जरा लक्ष ठेवाल का?” असे विचारूनच पुढे जा. आपल्याकडे माणसे हा शब्द पाळतात. गियरची सायकल असेल तर मुले कुतूहलाने गियर फिरवून पाहतात, म्हणून निघताना मुलाने आधी पेडल हाताने फिरवून साखळी जागेवर बसली आहे का ते पाहावे.

एक शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. चोपड्याहून अडावदकडे जाणारा रस्ता हा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग आहे. त्यावर केळीचे ट्रक आणि कापसाचे ट्रॅक्टर अखंड चालू असतात, आणि सूर्यास्तानंतर दिव्याशिवाय उभी असलेली ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही. पहाटे थंडी असली तरी उजाडताच निघा आणि दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोहोचा. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

प्रेषक : मूळ अमळनेर, सध्या नेदरलँड्स

भाऊ, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल व्हिडिओ कॉलवर दादाने सायकल पडवीतून अंगणात आणली आणि ओल्या फडक्याने सीटखालचा जोड पुसला. क्रमांक स्पष्ट निघाला. वडिलांच्या हिशेबाच्या जुन्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तो शाईने लिहून ठेवला आहे, त्याखाली कुलपाच्या किल्लीचा आकडाही आहे, आणि दोन्ही क्रमांक जुळले. टायर मात्र भेगाळले आहेत आणि मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या आहेत. दादा सोमवारी ती दुकानात नेणार आहे. अस्तर घालून घ्यायला मी सांगितले आहे.

एकच विचारायचे राहिले. वडिलांच्या सायकलीला डायनामोचा दिवा आहे. तो दुरुस्त करावा की येथून चार्जिंगचे दिवे आणावेत?

प्रेषक : जळगाव

ताई, दोन्ही करा. डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो आणि रस्त्याकडेला थांबलेल्या सायकलीलाच त्याची गरज अधिक असते, म्हणून मागे चार्जिंगचा दिवा हवाच. उनपदेवला निघण्याच्या दिवशी मी सकाळी अडावदला येऊन थांबेन. पंप आणि २८ बाय दीडची एक ट्यूब माझ्याकडे असेल. तारीख ठरली की कळवा.