उद्घाटन सोहळा मित्रमंडळींसोबत पाहताना : तुमचे अनुभव

निशिगंध

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा दोन स्टेडियममध्ये विभागून होणार असल्याची बातमी वाचली आणि मला बीजिंगचा सोहळा आठवला. ८ ऑगस्ट २००८ च्या त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या सभागृहातील एकुलत्या दूरचित्रवाणी संचासमोर आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. २००८ वादकांनी अंधारात उजळणाऱ्या तालवाद्यांवर अखेरचे सेकंद मोजायला सुरुवात केली, तेव्हा सगळे सभागृह त्यांच्यासोबत मोजू लागले होते.

त्यातील मुद्रणकलेचा प्रसंग मी विसरू शकत नाही. शेकडो चौकोनी ठोकळ्यांचा एक प्रचंड पट वर-खाली होत लाटा उठवत होता, त्यातूनच चिनी अक्षरे उमटत होती. यंत्र अभियांत्रिकी शिकणारे माझे दोन मित्र ही हालचाल हायड्रॉलिक यंत्रणेची की विजेच्या मोटारींची, यावर हिरिरीने वाद घालत होते. एकाने तर वहीत आकृतीही काढायला घेतली होती. शेवटी ठोकळ्यांची झाकणे उघडली आणि प्रत्येकातून एक माणूस हात हलवत वर आला. आत ८९७ कलाकार होते! वही तशीच मांडीवर ठेवून तो मित्र उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. एकट्याने पाहिले असते तर मला तो प्रसंग नुसता सुंदर वाटला असता. त्या वादामुळेच त्यामागचे माणसांचे कष्ट मला दिसले.

म्हणून येथे केवळ सोहळ्याचे वर्णन नको. शेजारी कोण बसले होते आणि त्यांच्यामुळे तुम्हाला काय दिसले, ते लिहावे, ही विनंती.

आरोह

बीजिंगच्या संचलनात देशांचा क्रम चिनी लिपीतील रेघांच्या संख्येनुसार होता, त्यामुळे पुढे कोण येणार याचा अंदाज बांधणे अशक्य होते. ऑस्ट्रेलियाच्या जलतरणपटूंची चाहती असलेली आमची एक मैत्रीण पहिल्या दहा मिनिटांपासून त्यांची वाट पाहत होती आणि तो संघ जवळजवळ शेवटी आला. तोवर कोणीही जागेवरून उठायचे नाही, असा तिचा आग्रह होता. त्यामुळे आम्ही दोनशेहून अधिक पथके पाहिली. ज्यांची नावेही कधी ऐकली नव्हती अशा बेटांचे दोन-तीन खेळाडू ज्या ताठ मानेने चालत होते, ते पाहण्याचे भाग्य तिच्या हट्टामुळे लाभले.

सायली

आरोह, आपण संचलनाचा उल्लेख केलात, याचा आनंद वाटला. बहुतेक लोक नृत्य आणि आतषबाजी संपली की उठून जातात. माझ्या मते खरा सोहळा तेथूनच सुरू होतो.

सिडनीचे २००० चे संचलन आम्ही दुपारी पाहिले होते. उत्तर आणि दक्षिण कोरियाचे खेळाडू सारख्याच पोशाखात, पांढऱ्या कापडावर निळा द्वीपकल्प असलेल्या एकाच ध्वजामागून आले आणि समोरचे सारे स्टेडियम उभे राहिले. आमच्यातील इतिहासाच्या विद्यार्थिनीने तेव्हाच सांगितले, की स्पर्धेत मात्र हे दोन्ही संघ वेगवेगळे उतरणार आहेत. ते ऐकल्यावर हातात हात घालून चालणाऱ्या त्या माणसांकडे पाहताना आनंदही झाला आणि जीवही तुटला.

पाऊलवाट

सिडनीचाच अनुभव लिहितो. ऑस्ट्रेलियाची धावपटू कॅथी फ्रीमनने पाण्यात उभे राहून ज्योत पेटवली, तिच्याभोवती अग्नीचे वलय वर उचलले गेले आणि मग ते मध्येच थांबले. आम्हाला वाटले की हा योजनेचाच भाग असावा. नाटकांच्या प्रकाशयोजनेचे काम करणारा आमचा मित्र मात्र एकदम पुढे सरकून बसला आणि म्हणाला, ‘काहीतरी अडले आहे. पडद्यामागे आत्ता कोणाचा तरी जीव टांगणीला लागला असेल.’ यंत्रणेतील बिघाडामुळे ते ज्योतीचे पात्र काही मिनिटे खरोखरच अडकले होते. भिजलेल्या पोशाखात, मशाल हाती धरून, चेहऱ्यावर कसलीही चलबिचल न दाखवता ती उभी राहिली. पात्र पुन्हा वर सरकू लागले तेव्हा माझ्या मित्राने सोडलेला सुस्कारा साऱ्या खोलीला ऐकू गेला. पुढे २५ सप्टेंबरला तिने ४०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही आम्ही एकत्रच होतो, पण मला विचाराल तर ती काही मिनिटे अधिक मोलाची होती.

रातराणी

मी परिचारिका आहे. लंडनचा २०१२ चा सोहळा आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू झाला आणि मी रात्रपाळीवर होते. विश्रांतीच्या खोलीत एक छोटा संच होता. ज्या दोघींची विश्रांतीची वेळ असे त्या येऊन थोडे पाहत आणि वॉर्डात परतून इतरांना हळू आवाजात पुढची कथा सांगत. त्या रात्री आम्ही तो सोहळा असा तुकड्यातुकड्यांनी वाटून घेतला.

योगायोग असा, की रुग्णालयातील खाटांचा प्रसंग सुरू झाला तेव्हा मी आणि माझी ज्येष्ठ सहकारी तेथे होतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला वाहिलेल्या त्या नृत्यात खाटा ढकलत नाचणाऱ्यांपैकी अनेक जण खरेखुरे आरोग्य कर्मचारी होते. जगातील सर्वांत मोठ्या क्रीडासोहळ्यात मैदानाच्या मधोमध परिचारिका! बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि प्रसंग संपताच आम्ही दोघी कामावर परतलो. ज्योत पेटताना मी पाहिली नाही, त्याची मला आजही खंत नाही.

सायली

रातराणीताई, हे वाचताना डोळे भरून आले.

आरोह

रातराणी, आपण जे पाहू शकला नाहीत, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रत्येक पथकासोबत एक मूल तांब्याची एक पाकळी घेऊन चालत होते. ती कशासाठी, याचा उलगडा आमच्यापैकी कोणालाही होत नव्हता. अखेर त्या २०४ पाकळ्या मैदानाच्या मध्यभागी लांब दांड्यांवर बसवलेल्या दिसल्या. सात तरुण खेळाडूंनी त्यांतील काही पेटवल्या, आग एकीकडून दुसरीकडे पसरत गेली आणि सर्व दांड्या हळूहळू उभ्या होऊन त्यांची एकच ज्योत झाली. खेळ संपल्यावर त्या पाकळ्या सहभागी देशांना देण्यासाठीच बनवल्या होत्या.

मृण्मयी

माझा अनुभव थोडा निराळा आहे. रिओचा २०१६ चा सोहळा मी माझ्या दृष्टिहीन मैत्रिणीसोबत पाहिला. समालोचक नावे आणि आकडे सांगत, पण पडद्यावर काय घडते आहे हे मात्र क्वचितच सांगत, म्हणून ते काम माझ्याकडे आले. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या ध्यानात आले की ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘अप्रतिम’ हे शब्द तिच्या काहीच उपयोगाचे नाहीत. ती विचारत असे, ‘किती उंच? कोणत्या बाजूने आले? चालणाऱ्याचा चेहरा कसा आहे?’

निर्वासित खेळाडूंचे पथक प्रथमच आले, तेव्हा मी सांगितले की ते फक्त दहा जण आहेत आणि ध्वज धरलेली तरुणी रोझ नाथिके लोकोन्येन ही दक्षिण सुदानमधील यादवी युद्धामुळे घर सोडावे लागलेली धावपटू आहे. मैत्रीण म्हणाली, ‘टाळ्यांवरून मला दहा हजार वाटले.’

ज्योत पेटवायला वांदेर्लेई दे लिमा आला. अथेन्सच्या २००४ च्या मॅरेथॉनमध्ये तो आघाडीवर असताना एका प्रेक्षकाने त्याला ढकलून रस्त्याच्या कडेला नेले होते, तरीही तो धावत राहिला आणि त्याने कांस्यपदक मिळवले. हे सारे तिला ठाऊक होते, उलट तिनेच मला त्याचे तपशील सांगितले. मग त्या लहानशा ज्योतीमागे फिरणारे धातूचे शिल्प कसे वर्णावे, हा प्रश्न आला. मी तिचे दोन्ही तळहात हातात घेतले, बोटे फाकवली आणि एकमेकांविरुद्ध दिशांनी हळूहळू फिरवली. ‘आता प्रत्येक बोटाच्या टोकावर उजेड आहे असे समज,’ एवढेच म्हणाले. तेव्हापासून मी कोणताही सोहळा पाहताना मनातल्या मनात तिला सांगत असते.

निशिगंध

मृण्मयी, हा धागा काढल्याचे सार्थक झाले. आपल्या मैत्रिणीला येथील सर्वांचा नमस्कार कळवावा.

कवडसा

टोकियोचा सोहळा २३ जुलै २०२१ रोजी झाला. प्रेक्षकांविना ते स्टेडियम पाहताना पोटात कालवत होते. आम्ही मित्रही एकत्र येऊ शकत नव्हतो, म्हणून व्हिडिओ कॉल चालू ठेवून आपापल्या घरी बसलो. प्रत्येकाच्या पडद्यावर चित्र पुढे-मागे पोहोचत होते. मनप्रीत सिंग आणि मेरी कोम ध्वज घेऊन आले तेव्हा आधी एकाचा जयघोष ऐकू आला, मग दुसऱ्याचा, मग माझा. एरवी चिडचिड झाली असती, परंतु त्या दिवशी आमचे पथक तीनदा मैदानात आल्यासारखे वाटले. मशाल एका डॉक्टर आणि परिचारिकेच्या हाती गेली, तेव्हा मात्र सगळेच शांत होतो. आमच्या गटातील एका मित्राचे वडील त्याच वर्षी गेले होते.

पाऊलवाट

कवडसा, त्या मित्राला आमच्या सहवेदना कळवा.

चिन्मय

एक शंका आहे. ग्रीसचे पथक नेहमी सर्वांत पुढे का असते?

आरोह

प्राचीन ऑलिम्पिकची भूमी म्हणून तो मान ग्रीसचा. यजमान शेवटी येतो. ही प्रथा १९२८ च्या ॲमस्टरडॅम स्पर्धेपासून चालत आली आहे. टोकियो आणि पॅरिसमध्ये निर्वासितांचे पथक ग्रीसच्या पाठोपाठ आले, रिओमध्ये ते यजमान ब्राझीलच्या लगेच आधी होते.

सायली

पॅरिसविषयी कोणी लिहिले नाही. सीन नदीवर, भर पावसात, बोटींमधून काढलेले संचलन मला मनापासून भावले नाही, कारण खेळाडूंचे चेहरे दूर राहिले. माझ्या मैत्रिणींचे मत नेमके उलट होते, पुलांवर आणि खिडक्यांत उभे असलेले लोक पाहून त्या हरखून गेल्या होत्या. शेवटी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या शंभर वर्षांच्या शार्ल कोस्त यांच्या हाती मशाल आली, तेव्हा आमचे मतभेद मिटले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सायकलिंगचे सुवर्ण जिंकलेला हा माणूस ती मशाल जुदोपटू टेडी रिनर आणि धावपटू मारी-जोझे पेरेक यांच्याकडे सोपवताना ज्या अभिमानाने पाहत होता, तो चेहरा अगदी जवळून दाखवला गेला.

निशिगंध

बार्सिलोनाचा १९९२ चा सोहळा कोणी थेट पाहिला असल्यास अवश्य लिहावे. मी तेव्हा फार लहान होतो.

देवराई

मी पाहिला आहे. तेव्हा आम्ही धनुर्विद्येचा सराव करणारे काही मित्र होतो आणि ज्योत बाणाने पेटवली जाणार हे आम्हाला मुळीच माहीत नव्हते. अंतोनियो रेबोयो या पॅरालिम्पिक धनुर्धराने पेटता बाण प्रत्यंचेवर चढवला, तेव्हा आमच्यातील सर्वांत अनुभवी मित्र म्हणाला, ‘टोकाला आग असलेला बाण नेहमीसारखा जात नाही, वजन पुढे झुकते.’ आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. बाण पात्राच्या वरून गेला आणि वायूने पेट घेतला. बाण पात्रात पडायला हवा होता, असा गैरसमज अनेकांचा आहे, पण तो वरूनच पलीकडे जावा अशीच योजना होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वजण नेहमीपेक्षा लवकर सरावाला हजर झालो आणि पहिला तासभर कोणीही लक्ष्याकडे बाण सोडला नाही. प्रत्येक जण तो कोन कसा साधला असेल, हेच दुसऱ्याला समजावून सांगत होता.