मदत हवी आहे: भाची जूनपासून आठवीत, विज्ञानात काय काय येतं?

रानवाट

नमस्कार मंडळी. माझी भाची जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे. तिथे वर्ग सातवीपर्यंतच, त्यामुळे जूनपासून शेजारच्या गावातलं हायस्कूल. आतापर्यंत सगळं मराठीतून झालंय. हायस्कूलला मराठी आणि सेमी (विज्ञान-गणित इंग्रजीतून) अशा दोन्ही तुकड्या आहेत आणि ताईने "तूच काय ते सांग" म्हणून विषय माझ्या गळ्यात टाकलाय. मी कॉमर्सवाला. दहावीनंतर माझा विज्ञानाशी संबंध म्हणजे सिलिंडर बदलण्यापुरता.

पोरीला झाडं, किडे, प्राणी यांत भारी रस. गणित दिसलं की मात्र चेहरा पडतो. आठवीचं विज्ञान एकदम जड होतं असं जो तो सांगतो, पण नेमकं काय जड होतं ते कुणी सांगत नाही. तालुक्याला एक क्लास मे महिन्यापासून 'आठवी फाउंडेशन' सुरू करतोय, फी ऐकून ताई गप्पच झाली. लावावा का? आणि सेमीचं काय करू?

शिंपला

आठवी-नववीला विज्ञान शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी तो क्लास राहू द्या. सुट्टीत पोरीला जरा हुंदडू द्या.

बालभारतीचं सध्याचं आठवीचं पुस्तक २०१८ सालचं, धडे १९. त्यातले निम्मे तुमची भाची स्वतः वाचून काढेल. सूक्ष्मजीव, आरोग्य व रोग, प्रदूषण, पेशी, परिसंस्था, ताऱ्यांची जीवनयात्रा. जीवशास्त्राची आवड आहे म्हणता, तर तिथे काळजीच नको. आकृत्या काढून नावं द्यायची सवय तेवढी लावा.

खरी मेख आहे रसायनात. अणूचे अंतरंग, द्रव्याचे संघटन, आणि पुढे तेराव्या धड्यातला रासायनिक बंध हे तीन धडे एका माळेतले आहेत, पण पुस्तकात शेवटचा लांब पडलाय. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे कक्षांमध्ये बसतात हे पाचव्या धड्यात येतं. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन सोडियम देऊन टाकतो म्हणून त्याची संयुजा १, हे सहाव्यात. तो एक इलेक्ट्रॉन क्लोरीन घेतो (त्याचे २, ८, ७, म्हणजे अष्टक व्हायला एकच कमी) आणि मीठ तयार होतं, हे तेराव्यात. मॅग्नेशियमला मात्र दोन द्यायचे असतात, म्हणून त्याला क्लोरीनचे दोन अणू लागतात. मुलं हे न समजता संयुजांचा तक्ता घोकतात, दिवाळीपर्यंत विसरतात आणि पुढे समीकरणं संतुलित करायची वेळ आली की रडकुंडीला येतात. पहिल्या २० मूलद्रव्यांची मांडणी तिने स्वतः कागदावर करून पाहिली की घोकायला फारसं उरत नाही.

गणिताची भीती असेल तर दाब, घनता आणि उष्णता इथे अडेल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, एवढंच गणित असतं. गाडी अडते ती एककांवर. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०० ने भागतात, भागायचं असतं १०,००० ने. दरवर्षी, निम्मा वर्ग.

गवतीचहा

वरच्या प्रतिसादाला +१, फक्त परीक्षेचं राहिलं. सहावी-सातवीला ढकलपास चालून जातं, आठवीला नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि आता राज्यात पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. आठवीचा पेपर ६० गुणांचा, पासाला ३५ टक्के. राहिलीच तर पुन्हा परीक्षा देता येते. हुशार मुलीला यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ताईंना माहीत असलेलं बरं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एनएमएमएस, केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. हायस्कूल अनुदानित असेल, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि सातवीला ५५ टक्के असतील तर आठवीत ही परीक्षा द्यायलाच लावा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिच्यातल्या शालेय क्षमता चाचणीच्या ९० गुणांत ३५ विज्ञानाचे असतात आणि त्यात सातवीचाही भाग येतो. म्हणजे सातवीची पुस्तकं रद्दीत घालू नका!

रानवाट

पुस्तकं धाकट्याला द्यायची ठरली होती, लगेच फोन करून थांबवलं. शिंपलाताई, सेमीबद्दल तुमचं मत राहिलं.

शिंपला

सेमीबद्दल माझं मत इथे अनेकांना पटणार नाही. तिला इंग्रजीचा परिच्छेद वाचून अर्थ लागत असेल तर सेमी घ्या, नाहीतर मराठीतच राहू द्या. अकरावीला सायन्स घ्यायचं म्हणून आठवीत सेमी हवंच, असं अजिबात नाही. मराठीतून पाया पक्का झालेली मुलं अकरावीत पहिली चाचणी धडपडतात आणि मग सावरतात. उलट पाठांतर करून सेमी काढलेल्यांचं कठीण होतं.

सेमी घेतलंच तर पुस्तकं दोन्ही माध्यमांची आणा. धडे, आकृत्या, क्रम सगळं तेच असतं. शेजारी शेजारी उघडून बसलं की झालं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात.

काजवा

सेमीबाबत असहमत, पण ते जाऊ दे. हायस्कूलला प्रवेश घेताना एक विचारा: आठवीला प्रयोगशाळेत नेतात का? बऱ्याच ठिकाणी ती खोली दहावीच्या प्रात्यक्षिकापुरतीच उघडते. नेत नसतील तर आम्ल-आम्लारी घरीच होतं. पांढऱ्या फडक्यावर हळद लावून वर कपड्याचा साबण घासायचा, डाग लालसर होतो. मग त्यावर लिंबू पिळायचं, पुन्हा पिवळा. कारण तिलाच शोधू द्या.

रानवाट

सगळ्यांचे आभार. क्लास रद्द, ताईला कळवलं. एक शेवटचं विचारतो. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अॅपवर उघडतात म्हणे, पण वाडीत रेंज नाही. काही उपाय?

गवतीचहा

रेंज असेल तिथे धडा डाउनलोड करून ठेवा, नंतर नेटशिवाय चालतो. फोनमध्ये जागा मात्र ठेवा.