गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात ब्रा रुततेय, दुकानं बंद. घरी माप कसं घेऊ?

प्रश्न: पट्टा बरगड्यांत रुततो, कपाच्या वरून आणि काखेकडून स्तन बाहेर येतात. ऑनलाइन मागवायची तर साइज कसा ठरवायचा?

उत्तर १: इंचाचा टेप घ्या. श्वास सोडून स्तनांच्या लगेच खाली घट्ट माप घ्या. 33 आलं तर पट्टा 34. मग पॅड नसलेली ब्रा घालून सर्वांत भरलेल्या जागी, टेप न दाबता. पट्ट्यापेक्षा 1 इंच जास्त म्हणजे ए, 2 बी, 3 सी, 4 डी. म्हणजे 38 आलं तर 34 डी. टेप पाठीवर तिरका चढतो आणि तिथेच माप चुकतं, आरशात बघा.

उत्तर २: आत्ताची ब्रा सर्वांत घट्ट हुकवर नीट बसेल अशी घ्या, बरगड्या अजून पसरतील, तेव्हा सैल करता येते. नर्सिंग ब्रा (बाळाला पाजताना कप उघडता येणारी) मात्र आत्ता नकोच. ती शेवटच्या महिन्यात, सैल हुकवर बसणारी, कप ताणला जाणारा. दूध उतरलं की कप भरतो, पट्टा मात्र हळूहळू कमी लागतो.

उत्तर ३: पार्सल येईपर्यंत हुक एक्स्टेंडर, म्हणजे मागच्या हुकांना जोडून पट्टा लांब करणारी छोटी पट्टी, वापरा. हुकांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर जुळवून घ्या. कपच लहान असेल तर मात्र त्याने काही होत नाही.