चॅट्सवर्थ पाहिलंय? अनुभव लिहा

उन्हाळ्यात आई-बाबा इंग्लंडला येतात आणि "यंदा काय दाखवायचं?" हा प्रश्न पडतो. डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ बऱ्याच जणांच्या यादीत असतं: डर्वेंट नदीकाठचं ड्यूक ऑफ डेव्हनशरचं घर आणि त्याची 105 एकरांची बाग. तिकीट-पार्किंगची माहिती नको, ती कुठंही मिळते. तुमचे पाय कशापाशी थांबले, घरच्यांना काय आवडलं, कशाचा कंटाळा आला, ते लिहा. सुरुवात मी करते. मला बाग आवडली, घर नाही. एकामागून एक सोनेरी दालनं बघून डोळे शिणले.

नॉटिंगहॅमहून

सासऱ्यांची अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली. एम्परर कारंजं बघून त्यांचा पहिला प्रश्न, "पंपहाऊस कुठंय?" पंपच नाही म्हटल्यावर ते एकदम खुलले. मागच्या टेकडीवर इथल्या माळ्यानं, जोसेफ पॅक्स्टननं, तळं खणून घेतलं, तिथून पाइपानं पाणी खाली आणलं आणि निव्वळ उंचीच्या दाबावर ते उसळतं. 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. रशियाचा झार येणार म्हणून 1844 साली घाईघाईनं हे काम उरकलं आणि झार आलाच नाही! सासरे म्हणाले, "मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आम्हीपण रातोरात लाइन टाकलीय." मग तळं बघायचा हट्ट. चढलो टेकडी, काय करता!

मँचेस्टरहून, मूळचा रावेरचा

आमची घरची केळीची शेती. बापूंना राजवाडा, चित्रं, पुतळे यांत काडीचा रस नव्हता. त्यांना मी सांगितलं होतं, की जगभर विकली जाणारी कॅव्हेंडिश केळी ज्या घराण्याच्या आडनावानं ओळखली जाते, ते घराणं हेच. पॅक्स्टन इथला मुख्य माळी. 1830 च्या सुमारास त्यानं मॉरिशसहून आलेलं रोप मिळवलं, काचघरात वाढवलं आणि सहाव्या ड्यूकच्या आडनावावरून त्या जातीचं नाव पडलं. आपली बसराई त्याच बुटक्या कॅव्हेंडिशमधली, आणि हल्ली सगळे लावतात ती ग्रँड नैनही कॅव्हेंडिशच.

काचघरात बापू बुंध्यापाशी वाकून पिलं, म्हणजे नवे कोंब, बघत बसले. "एवढ्या थंडीत जगवली कशी?" कोळसा जाळून. पॅक्स्टनचं सगळ्यात मोठं काचघर 1841 ला पूर्ण झालं, त्याच्या भट्ट्यांना जमिनीखालच्या बोगद्यातून कोळसा जायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली आणि 1920 साली ते काचघर पाडलं. आता तिथं झाडांचा चक्रव्यूह आहे. बापू बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "यांना ऊब आणावी लागली, आपण मे महिन्यात गरम वाऱ्यापासून वाचवायला बांधाला शेवरी लावतो. केळीचे लाड सगळीकडं सारखेच." घरी फोन करून भावाला हे सगळं पुन्हा सांगितलं, वर थोडी भर घालून.

शेफील्डहून, विद्यार्थी

संगीताच्या दालनात आतल्या दारावर व्हायोलिन टांगलंय. टांगलेलं नाही, रंगवलंय. खुंटीसकट. एवढ्यावर माझे पैसे वसूल.

पुण्याहून

छान आहे, मान्य. पण हा डौल कशावर उभा राहतो हे डोक्यातून जात नाही. "निसर्गरम्य" हिरवळसुद्धा आखून केलेली: अठराव्या शतकात केपॅबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकारानं जुने आखीव ताटवे मोडून ती रचली. शेजारच्या एडन्सर गावाची जी घरं वाड्यातून दिसत होती ती हटवली. याआधी वेल्समधला पोविस किल्ला पाहिला होता. तिथं क्लाइव्ह घराण्याच्या संग्रहात टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू आहे. त्यानंतर अशा घरात शिरताना मी आधी विचारतो, ही वस्तू इथं आली कशी? चॅट्सवर्थला त्यामानानं बरं वाटलं, पण सवय सुटत नाही.

लीड्सहून

वरच्यांना: डौलाची किंमत त्यांनीही मोजली. 1950 साली दहावे ड्यूक वारले आणि 80 टक्के वारसाकर बसला. जमिनी नि चित्रं गेली, त्यांचा दुसरा वाडा, हार्डविक हॉल, सरकारजमा झाला. दुसऱ्या महायुद्धात तर याच दालनांत मुलींची शाळा भरत होती. दया वगैरे येत नाही, पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा.

एडन्सरला जरूर चालत जा. आताचं गाव सहाव्या ड्यूकनं नव्यानं बांधून घेतलं, घरं एकासारखी दुसरी नाहीत. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे, आणि जॉन केनेडींच्या बहिणीचीही. ती या घराण्याची सून. 1963 च्या जूनमध्ये केनेडी तिथं येऊन गेले. माझ्या आईला हे पॅक्स्टनपेक्षा जास्त भावलं.

बर्मिंगहॅमहून

लहान मुलं असतील तर कॅस्केडची आशा दाखवू नका. उतारावरून दगडी पायऱ्यांनी पाणी उतरतं तो. गळतीमुळे पाणी बंद ठेवलं होतं, आमच्या लेकानं भोकाड पसरलं. त्याऐवजी तांब्याचं विलोचं झाड शोधा. खरं झाड समजून जवळ गेलं, की फांद्यांतून पाणी उडतं. राणी होण्याआधी व्हिक्टोरियालाही त्याची गंमत वाटली होती म्हणे. कपड्यांचा एक जोड गाडीत ठेवा.