मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलमध्ये मुलाला दुसऱ्यांदा कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का), ट्रेनर आमच्याशी बोलायला तयार नाहीत

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय आणि हात थरथरतायत, त्यामुळे विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा 19 वर्षांचा, मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. तिथे डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, फुटबॉल खेळतो, हेल्मेट घालून खेळतात ते. डिव्हिजन थ्रीला खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, ही मुलं निव्वळ आवडीने खेळतात. सेफ्टी म्हणजे बचावात सगळ्यात मागच्या जागेवर असतो, शिवाय किकऑफच्या टीममध्ये, ज्यात लांबून जिवाच्या आकांताने पळत येऊन समोरच्यावर आदळायचं असतं.

ऑगस्टच्या कॅम्पला गेला तेव्हा आम्हाला भीती उन्हाची होती. 2018 साली मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या जॉर्डन मॅकनेअरचं झालं ते डोक्यातून जात नव्हतं, प्रॅक्टिसमध्ये उष्माघात, थंड पाण्याच्या टबात बुडवून अंग गार करायला हवं होतं ते केलंच नाही आणि पंधरा दिवसांनी तो मुलगा गेला, 19 वर्षांचा. त्यामुळे मी रोज फोनवर पाणी प्यायलास का, मीठ-साखर घेतलीस का एवढंच विचारत बसले आणि त्याच कॅम्पमध्ये ह्याला पहिलं कन्कशन झालं. दहा-बारा दिवसांत बरा झाला, खेळायला लागला.

दुसरं आता, बारा दिवसांपूर्वी शनिवारच्या मॅचमध्ये. किकऑफला टॅकल करताना समोरच्याचा गुडघा हेल्मेटवर बसला. उठला, चालत बाहेर आला. टीमच्या ट्रेनरने (खेळाडूंच्या दुखापती बघणारे, कोच नव्हे) तिथेच तपासून बसवून ठेवलं, संध्याकाळी इआरला, म्हणजे इमर्जन्सीत नेऊन सीटी स्कॅन केला तो नॉर्मल आला. इथपर्यंत त्या लोकांनी सगळं नीट केलं, माझी तक्रार नाही.

पण त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर चेहराच दिसेना म्हणून मी म्हटलं अरे दिवा लाव, तर म्हणाला नको आई, डोळ्यांना लागतो. फोनचा ब्राइटनेसही एकदम खाली केलेला. मग विचारलं, आजी कधी येणार आहे? मी सांगितलं जानेवारीत. पाच मिनिटांनी परत, आजी कधी येणार आहे. आणि फोन ठेवता ठेवता तिसऱ्यांदा. माझ्या पोटात गोळा आला.

आता तो प्रोटोकॉलच्या, म्हणजे कन्कशननंतर हळूहळू खेळात परतायच्या, पायऱ्या चढतोय. आधी सायकल, मग पळणं, मग विदाउट कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस. आज पूर्ण प्रॅक्टिस केली आणि उद्या डॉक्टरांनी क्लिअर केलं तर शनिवारची मॅच खेळणार. सीझनची शेवटची मॅच, वर्षानुवर्षांच्या प्रतिस्पर्ध्याशी, सगळं कॉलेज लोटतं. काल रात्री मला म्हणाला की लेक्चरला बसलं की अजून डोकं ठणकतं पण ट्रेनरला सांगितलेलं नाही. त्यांच्या फॉर्मवर बावीस लक्षणं असतात, प्रत्येकाला शून्य ते सहा मार्क द्यायचे. ह्याने बावीसच्या बावीस ठिकाणी शून्य लिहिलंय.

मी ट्रेनिंग रूमला फोन केला तर म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, त्याच्या सहीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. हे म्हणतात तू उगाच घाबरवतेस, डॉक्टर आहेत ना तिथे. मला झोप नाही. प्रश्न असे की खेळू द्यायचं का नाही हे नक्की कोण ठरवतं, कोच की डॉक्टर? बाहेरच्या डॉक्टरचं सेकंड ओपिनियन घेता येतं का? आणि आमचा इन्शुरन्स टेक्सासचा एचएमओ आहे (ठरलेल्या नेटवर्कमधलेच डॉक्टर चालतात असा प्लॅन), त्याचं मिनेसोटात काय? त्याला न दुखावता मी काय करू शकते?

फिजिओताई_न्यूजर्सी

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. ट्रेनर तुम्हाला सांगू शकत नाहीत हे खरंय, फर्पा नावाचा विद्यार्थ्यांच्या रेकॉर्ड्सचा कायदा आहे. पण तो त्यांचं तोंड बांधतो, कान नाही! तुम्ही त्यांना सांगू शकता. आजच इमेल टाका, हेड ट्रेनर आणि टीम फिजिशियन दोघांना, चारच ओळी: अमुक तारखेला त्याने हे हे तीनदा विचारलं, उजेड सहन होत नव्हता, काल रात्री म्हणाला अजून डोकं दुखतं. मत देऊ नका, फक्त पाहिलं-ऐकलं ते लिहा. असं लेखी आल्यावर कुठलाही ट्रेनर त्याला पुन्हा बसवून विचारल्याशिवाय राहणार नाही. मी चौदा वर्षं हेच काम करतेय, आईचा इमेल आला की आम्ही वैतागत नाही, उलट सुटकेचा श्वास टाकतो कारण मुलं आमच्याशी खोटं बोलतात हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं.

सीटी नॉर्मल म्हणजे रक्तस्राव नाही, कवटी फुटलेली नाही, एवढंच. कन्कशन सीटीत दिसत नाही. आणि हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. पहिलं पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते, ते जिवावर बेततं, आणि जास्त करून कोवळ्या वयातच होतं. म्हणून लक्षण असताना कॉन्टॅक्ट नाही, यात तडजोड नसते. वर्गात बसून डोकं दुखत असेल तर तो अजून अभ्यासाच्या पायरीवरसुद्धा पूर्ण परतलेला नाही, मैदान तर पुढचं.

डोकेदुखी वाढत गेली, सारखी उलटी, जीभ जड, हातापायात कमजोरी, एका डोळ्याची बाहुली मोठी, झोपेतून नीट जाग न येणं, यातलं काहीही झालं तर ट्रेनरची वाट न बघता 911. हे त्याच्या रूममेटला सांगून ठेवा.

अ‍ॅनआर्बरवाला

कोच ठरवत नाही. ठरवताच येत नाही. टीम फिजिशियन आणि ट्रेनर यांच्या वैद्यकीय निर्णयाला कोचने हात लावायचा नाही हा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेचा नियम आहे, आधी 2016 ला मोठ्या पाच कॉन्फरन्सेसनी (कॉलेजांच्या लीग) केला, नंतर बाकी डिव्हिजन्सनाही आला. कन्कशन निदान झालं की त्याच दिवशी परत खेळवायचं नाही हे तर त्याआधीपासून आहे.

पण नियम कागदावर असणं वेगळं. 2014 च्या सप्टेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्धच्या मॅचला मी मिशिगन स्टेडियममध्ये होतो. क्वार्टरबॅक शेन मॉरिसला जबर मार बसला, उभा राहिला तर तोल जाऊन टीममेटच्या अंगावर रेलला. लाखभर माणसं बघतायत आणि त्याला मैदानात ठेवलं, बाहेर काढल्यावर परत आतही पाठवलं. नंतर युनिव्हर्सिटीनेच मान्य केलं की बहुतेक कन्कशन होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की मिशिगन ज्या लीगमध्ये आहे त्या बिग टेनने रिप्ले बूथमध्ये तटस्थ ट्रेनर बसवायला सुरुवात केली. सांगायचं एवढंच की तुम्हाला जे दिसलं ते बोला, सगळ्यांना दिसलंच असेल असं धरून चालू नका.

ओहायोकर

इन्शुरन्सचं मी सांगतो, थोरल्याच्या गुडघ्याच्या वेळी वर्षभर भोगलंय. बहुतेक छोट्या कॉलेजात तुमचा इन्शुरन्स पहिला आणि कॉलेजचा दुसरा, म्हणजे तुमच्या कंपनीने भरून किंवा नाकारून जे उरेल त्याचा विचार ते करतात. एनसीएएची कॅटॅस्ट्रॉफिक (अतिगंभीर दुखापतींची) पॉलिसी 90,000 डॉलरच्या वरच्या खर्चाला लागते, ती इथे विसरा.

एचएमओ परराज्यातली इमर्जन्सी भरतं, त्यामुळे इआर आणि सीटीची काळजी नको. घोळ फॉलोअपला होतो. उद्या फोन करून दोन गोष्टी विचारा, घरापासून लांब शिकणाऱ्या मुलांसाठी गेस्ट मेंबरशिप (तिथल्या नेटवर्कमध्ये तात्पुरती सोय) आहे का, आणि नसेल तर नेटवर्कबाहेरच्या न्यूरॉलॉजिस्टसाठी आधी परवानगी कशी मिळते. नकार आला तर लेखी मागा, कॉलेजच्या दुसऱ्या इन्शुरन्सला तोच कागद लागतो. इओबी (इन्शुरन्सने किती भरलं त्याचा कागद), आयटमाइझ्ड बिल, अपघाताचा क्लेम फॉर्म सगळं एका फायलीत. क्लेमला मुदत असते, आम्ही एक बिल तीन आठवडे उशिरा पाठवलं आणि ते आमच्याच गळ्यात पडलं. मुलगा 26 चा होईपर्यंत तुमच्या प्लॅनवर राहू शकतो, त्याला काढू नका. शिवाय 1 ऑगस्ट 2024 पासून एनसीएएने खेळ संपल्यावरही दोन वर्षं त्या दुखापतीच्या उपचारांसाठी कव्हर दिलंय, तिन्ही डिव्हिजनला, म्हणून ही दुखापत कॉलेजच्या रेकॉर्डवर नीट नोंदलेली असली पाहिजे.

सेकंड ओपिनियन खुशाल घ्या, कोणी अडवू शकत नाही. फक्त बाहेरच्या डॉक्टरने हो म्हटलं तरी टीम डॉक्टर नाही म्हणू शकतो.

चोवीस_नंबर

काकू, मी इथेच वाढलोय, हायस्कूलला चार वर्षं लाइनबॅकर होतो, मराठी चुकलं तर माफ करा. मी पण शून्य लिहिलेले. कारण कोचची भीती नसते, बाजूच्या मुलांची लाज असते, आपण बसलो की आपल्या जागी फ्रेशमनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाला जावं लागतं. प्लीज त्याला फुटबॉल सोड असं आत्ता म्हणू नका, तो फोन उचलणं बंद करेल. फक्त शनिवारचं बोला. आणि इमेल पाठवायच्या आधी त्याला सांगा, मागून कळलं तर परत कधी खरं सांगणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चोवीस_नंबर, तुझं वाचून मी आधी त्याला फोन केला. इमेल वाचून दाखवला. गप्प बसला. मग म्हणाला, पाठव. मी म्हटलं तू स्वतः जाऊन सांगतोस का, मी संध्याकाळपर्यंत थांबते. चार वाजता त्याचाच मेसेज आला, ट्रेनरला सांगितलं, आता प्रॅक्टिस बंद, परत पहिल्यापासून. त्याने संमतीच्या फॉर्मवर सहीसुद्धा केली. मी इमेल तरीही पाठवला, त्याला सांगून. तासाभरात ट्रेनरचा फोन आला, वीस मिनिटं बोलल्या. त्यांना आजीच्या प्रश्नाचं काहीच माहीत नव्हतं.

शनिवारी तो जर्सी घालून साइडलाइनला उभा होता, डोळ्यांवर गॉगल. आम्ही लाइव्हस्ट्रीमवर पाहिलं, हे सगळा वेळ माझ्या शेजारी बसून होते. टीम हरली. रात्री फोनवर खूप रडला आणि मी काहीही न बोलता ऐकत राहिले.

एचएमओची परवानगी मिळाली, ओहायोकर, तुमच्यामुळे. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टने पाहिलं, डोळे आणि तोल यांचा ताळमेळ अजून बसलेला नाही म्हणाले, व्हेस्टिब्युलर थेरपी (तोल आणि नजरेचे व्यायाम) लिहून दिलीय, आठवड्यातून दोनदा. डिसेंबरात फायनल परीक्षा आहेत आणि स्क्रीनकडे अर्ध्या तासाच्या वर बघवत नाही. कोणाच्या मुलामुलीने ही थेरपी घेतली असेल तर किती आठवडे लागले आणि परीक्षेला जादा वेळ किंवा इन्कम्प्लीट (विषय नंतर पूर्ण करायची मुभा) कसं मागितलं, प्रोफेसरकडे की डिसअ‍ॅबिलिटी ऑफिसात, प्लीज लिहा.