तुर्कमेनिस्तानात आपली गाडी न्यावी की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी, नवरा आणि माझे बाबा (वय ७१) असे तिघे आमच्या गाडीने मध्य आशियात फिरतो आहोत. उझबेकिस्तानात खिवापर्यंत येऊ आणि तिथून तुर्कमेनिस्तानात शिरायचं आहे. दाशोगुझ, कुन्या-उर्गेंच, काराकुम वाळवंटातलं दरवाझा, अश्गाबात, मारी, तुर्कमेनाबात आणि फरापच्या सीमानाक्यावरून पुन्हा उझबेकिस्तानात बुखारा, असा साधारण १२०० ते १३०० किलोमीटरचा फेरा आहे. बाबांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. मारीजवळचं मेर्व, १२२१ मध्ये मंगोलांनी उद्ध्वस्त केलेलं शहर, आणि तिथली सुलतान संजरची कबर त्यांना एकदा बघायची आहे. त्यांचे गुडघे पाहता हे पुढे ढकलता येणार नाही, म्हणून एवढा खटाटोप.

आतापर्यंत कळलेलं आधी सांगते. ट्रान्झिट व्हिसा जेमतेम तीन ते पाच दिवसांचा असतो. कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार हे त्यावरच ठरलेलं असतं, आणि तो एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी आहे. आम्ही उझबेकिस्तानातून निघून उझबेकिस्तानातच परतणार, त्यामुळे तो मार्ग बंद. उरला पर्यटक व्हिसा. त्यासाठी तिथल्या एजन्सीमार्फत निमंत्रणपत्र काढावं लागतं, त्याची मंजुरी स्थलांतर विभागाकडून यायला काही आठवडे जातात, आणि गाइड पूर्ण प्रवासात सोबत असावा लागतो. उझबेकिस्तानचा व्हिसाही दोनदा प्रवेशाचा हवा, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. कुणी असाच बेत करत असाल तर हे आधी बघा.

आता खरी अडचण. गाडीची मागची अर्धी सीट काढून आम्ही तिथे झोपायची फळी बसवली आहे. उरलेल्या अर्ध्या सीटवर बाबा बसतात. गाइडला जागाच नाही. एजन्सी म्हणते, गाइड स्वतःच्या गाडीने पुढे राहील, पण त्या गाडीचे, ड्रायव्हरचे आणि इंधनाचे पैसे आम्ही द्यायचे. शिवाय परदेशी गाडीला नाक्यावर विमा, निर्जंतुकीकरण, रस्त्याचा कर आणि अंतरावर ठरणारा इंधनाच्या दरातला फरक, हे सगळं डॉलरमध्ये रोख भरावं लागतं. म्हणजे दोन गाड्यांचा खर्च. त्यापेक्षा आपली गाडी खिव्यात ठेवून गाइडच्या गाडीतूनच गेलो तर?

नवऱ्याला गाडी न्यायचीच आहे. मला मात्र दरवाझा ते अश्गाबात या खड्ड्यांच्या रस्त्याची धास्ती वाटते. मध्ये वस्ती विरळ, आणि व्हिसावरच्या तारखा पक्क्या. वाळवंटात एक्सल तुटला आणि मुदत उलटून गेली तर दंड, पुढे कदाचित प्रवेशबंदीही. बाबा सोबत असताना हा धोका पत्करावा असं मला मनापासून वाटत नाही.

ज्यांनी हा रस्ता केला आहे, त्यांनी कृपया सांगा:

गाडी उझबेकिस्तानात ठेवून आम्हाला बाहेर जाता येईल का? उझबेकिस्तानात गाडी तात्पुरती आणल्याच्या कस्टमच्या कागदावर ती माझ्या नावावर आहे. गाडीशिवाय सीमा ओलांडताना अडवतात का, हे मला सगळ्यात आधी हवं आहे, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

गाडी नेलीच तर रंगाचा प्रश्न येतो का? आमची गडद निळी आहे. अश्गाबातमध्ये २०१८ पासून स्थानिकांच्या काळ्या गाड्यांना पोलीस त्रास देतात. पाहुण्यांनाही अडवतात का? गाडी धुळीने माखलेली असली तरी दंड होतो, हे ऐकलं आहे.

बाबांच्या गोळ्यांमध्ये ट्रामाडॉल (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) आहे. त्या भागात या औषधाबाबत फार कडक नियम आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं रशियन भाषांतर पुरतं, की ते औषध सोडून दुसरं मागून घ्यावं?

पैशांबद्दल एवढंच, की सरकारी दर डॉलरला ३.५ ‘मनात’ (तुर्कमेनिस्तानचं चलन) आहे आणि बाजारातला त्याच्या कितीतरी पट. बाजारात बदलण्याच्या फंदात आम्ही पडणार नाही. तरी पाच रात्रींसाठी किती रोकड जवळ ठेवावी?

निमंत्रणपत्राचा अर्ज दहा दिवसांत द्यायचा आहे आणि त्यात गाडीचा क्रमांक लिहावा लागतो, म्हणून घाई करते आहे.

भर: दोघांनी गाइडच्या गाडीतून जा असं सुचवलं, त्यांचे आभार. ट्रामाडॉलबद्दल बाबांच्या डॉक्टरांशी आज बोलले. ते पर्यायी औषध देऊन आठवडाभर परिणाम बघणार आहेत, त्यामुळे तो प्रश्न आता सोडला तरी चालेल. कस्टमच्या कागदाचं मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. कुणी खिव्यात किंवा बुखाऱ्यात गाडी ठेवून देशाबाहेर जाऊन आलं असेल, तर नाक्यावर काय विचारलं आणि कोणते कागद दाखवले, ते नक्की लिहा.